बकरी जेवण्या हाताला

चांदीनं रतिलाल मास्तरांच्या तक्त्याचा कोपरा खाल्ला, तेव्हा बैलांची दमणी नुकतीच नगाव मागं टाकून सोनगीरच्या वाटेला लागली होती. तक्ता चित्रांचा, जाड कागदाचा, मागून कापड लावलेला, थेट विलायतेहून आलेला. मास्तरांनी तो गुंडाळून मांडीवर असा धरला होता, जसं बारशाचं लेकरू. पण भल्या पहाटे उठलेला माणूस किती वेळ ताठ बसणार? मान कलली, हात सैल पडला, आणि चांदीनं शांतपणे आपलं काम सुरू केलं.

"झुंबरबाई, आवरा हिला," जाग आल्यावर मास्तर म्हणाले.

"मी तिले आवरू का तुमले उठाडू?" असं म्हणत झुंबरबाईनं बकरीच्या तोंडातून उरलेला तुकडा ओढून काढला आणि उजेडात धरून पाहिला. "ढगच शे, मास्तर. देवबाकडे ढग मुबलक ऱ्हातस."

मास्तर हसले नाहीत. पुढं गाडीवान भटूच्या शेजारी छत्री उघडून मिशनच्या नव्या गोऱ्या मिसबाई बसल्या होत्या आणि त्यांच्यादेखत हसायचं नाही, हे मास्तरांनी घरूनच ठरवून आणलं होतं.

झुंबरबाई ही धुळ्याच्या मिशनची बायबलबाई, बाजारोबाजारी शास्त्र सांगत हिंडणारी. एकोणिसशे छत्तीस सालात तिचं वय असेल त्रेचाळीस. 'असेल' अशासाठी, की जन्मतारीख सांगणारं कुणी मागं उरलं नव्हतं. अंगानं वाळक्या खारकेसारखी, पण आवाज असा की बाजारात एका टोकाला बोलली तर दुसऱ्या टोकाच्या मिरच्यावाल्या बाईनं ओ द्यावी. शास्त्रातल्या गोष्टी तिला तोंडपाठ. वाचायचं म्हटलं की मात्र चढावरच्या गाडीसारखी तिची गत व्हायची. जोडाक्षर आलं की गाडी अडली. मग ती पुस्तक मिटायची, पदर खोचायची आणि डोळे मिटून सांगत सुटायची.

जनावरांचं म्हणाल तर ते तिनं काही योजून केलं नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी अशीच ती सोनगीरच्या बाजारात पुस्तक उघडून उभी होती आणि तिच्यासमोर एक म्हातारा आणि एक कुत्रं, एवढाच जमाव होता. वाटेत भेट मिळालेलं एक कोकरू तिनं पायाशी बांधलं होतं. ते सुटलं आणि बाजारात शिरलं. झुंबरबाई ओरडली आणि सगळा बाजार शोधायला लागला. वांगी विकणारे वांगी टाकून उठले, तांबटांनी हातोड्या खाली ठेवल्या, बांगड्यावाल्यानं आपल्या हाऱ्याखाली डोकावून पाहिलं. शेवटी कोकरू सापडलं गुळाच्या ढेपेमागं, तोंड चिकट करून बसलेलं. त्याला खांद्यावर टाकून झुंबरबाई चिंचेखाली परत आली, तर मागून अख्खा बाजार आलेला. तेव्हा ती म्हणाली, "आते तुम्ही काय करं? बठ्ठा बाजार उभा ठेवा नि एक कोकरू धुंडं. देवबा रोज हाईच करस."

त्या दिवशी तिला कळलं की आपल्याला पुस्तकाची गरज नाही, कोकराची आहे.

तेव्हापासून ती जनावरं घेऊन हिंडू लागली. पंखाखाली पिल्लं घेणारी कोंबडी टोपलीतून नेली. कबुतरांची जोडी नेली. एकदा झावळ्यांच्या रविवारी, येशू गाढवावर बसून आला त्या सणाला, कुंभाराचं गाढव मागून आणलं, ते बरोबर चौकात बसलं आणि संध्याकाळपर्यंत उठलं नाही. तर झुंबरबाईनं त्याच्याशेजारी बसून संध्याकाळपर्यंत गोष्टी सांगितल्या. लोक ऐकायचे. बायबलबाई असं तिला कुणी म्हणत नसे; बकरी कायम बरोबर, म्हणून सगळे म्हणायचे बकरीवाली माय.

रतिलाल मास्तरांना ते पटत नसे. मास्तर मिशनचे मुख्य प्रचारक, नवापूरकडचे, मॅट्रिकपर्यंत शिकलेले, कोटाचं वरचं बटण उन्हाळ्यातसुद्धा लावणारे. माणूस वाईट नव्हता. त्यांचं म्हणणं एवढंच, की देवाचं वचन सांगताना मध्येच लेंड्या पडू नयेत. नव्या मिसबाई आल्या, कामाची पाहणी करू लागल्या, तेव्हा मास्तरांनी आपलं म्हणणं त्यांच्या कानावर घातलं. मिसबाईंनी ठरवलं की आपण स्वतः एकदा सोनगीरच्या बाजारी जाऊ, झुंबरबाईंचं काम पाहू, आणि मग जनावरं ठेवायची की काढायची ते सांगू. जनावरं गेली तर झुंबरबाईच्या हाती उरणार ते पुस्तक आणि ती जोडाक्षरं. पुढचं सगळ्यांना दिसत होतं. मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात भाकरी थापायला एक बाई कमीच होती.

शिवाय त्या महिन्याचा नेमलेला शास्त्रातला दाखला कोणता, तर शेवटल्या न्यायाचा. राजा सिंहासनावर बसेल आणि मेंढपाळ जशी जनावरं निवडतो तशी माणसं निवडेल. मेंढरं उजव्या हाताला, बकऱ्या डाव्या हाताला. उजवीकडच्यांना राज्य, डावीकडच्यांना अग्नी.

"हा तर तुमच्याच जनावरांचा दाखला," मास्तर म्हणाले होते. "बघा, मी मुद्दाम काही केलेलं नाही. धडा छापूनच आलेला आहे."

नऊ वर्षं झुंबरबाईनं हाच एक दाखला टाळला होता.

कारण असं, की ती जन्माची ठेलाऱ्याची पोर. मेंढरांमागं हिंडणाऱ्या घरातली. एकोणिसशेच्या दुष्काळात तिच्या बापाची दीडशे मेंढरं तापीच्या काठाकाठानं एकेक करून बसली ती उठलीच नाहीत. आई गेली. उरली एक बकरी, कपाळावर पांढरा ठिपका असलेली, चांदी. कसलाही पाला, कसलंही साल खाऊन ती उभी राहिली आणि बाप तिची धार थेट सात वर्षांच्या झुंबरच्या तोंडात काढायचा, भांडंही नव्हतं. असं करत ते धुळ्याच्या मिशनच्या फाटकापर्यंत पोचले. बाप म्हणाला, "बठ आठे. मी चांदीले पानी पाजीसन येस."

तो आला नाही. बकरीही आली नाही. पुढं झुंबर मोठी झाली, देवाची झाली, पोटापुरतं शिकली, आणि जी बकरी पाळली तिचं नाव चांदीच ठेवलं. ही चौथी.

तर ह्या चांदीला लोकांदेखत डाव्या हाताला उभं करायचं होतं. मेंढरांच्या बाजूला भुरी नावाची म्हातारी मेंढी आणि एक दीड महिन्याचं कोकरू. कोकराची आई विताच मेली होती. भुरीनं त्याला जवळ केलं नाही, वास घेतला आणि ढुशी मारली. मग ठेलारी करतात तेच झुंबरबाईनं केलं. कोकराच्या अंगाला चांदीचं दूध चोळलं, दोन दिवस दोघांना एका खोपट्यात कोंडलं, आणि तिसऱ्या दिवशी चांदीनं त्याला आपलं म्हटलं. रोज सकाळी आणि दिवेलागणीला कोकरू तिला पिऊन घ्यायचं.

त्या सकाळी मात्र ते राहून गेलं. निघण्याआधी मिसबाईंनी प्रार्थना केली, मग मास्तरांनी केली, आणि मिसबाई ऐकताहेत म्हणून मास्तरांची इतकी लांबली की कंपाउंडातल्या कोंबड्या येऊन पायाशी बसल्या. 'आमेन' होताच भटूनं बैल जुंपले. कोकरू दमणीच्या मागच्या कोपऱ्यात, चांदी पुढच्या कोपऱ्यात, मध्ये मास्तर आणि तक्ता. झुंबरबाईच्या ध्यानात आलं तेव्हा सोनगीरचा किल्ला दिसायला लागला होता.

बाजार भरात होता. कापूस नुकताच घरात आलेला, माणसं खुशीत. चिंचेच्या एका अंगाला तांबटांची ठोकठोक चालू होती, दुसऱ्या अंगाला सुमनबाई मिरच्यांचे ढीग लावून बसली होती. तिनंच पहिली हाक मारली आणि मग नेहमीचं रिंगण आपोआप पडलं. रिंगण करताना लोक मधली जागा जनावरांसाठी मोकळी सोडत. नऊ वर्षांची सवय होती ती. मिसबाईंना एका तांबटानं आपला पाट दिला. त्या पुण्याच्या शास्त्रीबुवांकडून मराठी शिकलेल्या. त्यांना छापील मराठी कळायची आणि इकडची बोली म्हणजे नुसता पाण्याचा खळखळाट वाटायचा. म्हणून मास्तर शेजारी उभे राहून सगळं उलगडून सांगत होते.

झुंबरबाईनं सुरुवात झकास केली. राजा कसा येईल ते सांगितलं, त्याच्यापुढं पाटील आणि पाणक्या एकाच रांगेत कसे उभे राहतील ते सांगितलं. लोक खुदखुदले, कारण पाटील तिथंच उभा होता. मग तिनं भुरीला आणि कोकराला आपल्या जेवण्या हाताला उभं केलं. उजव्या हाताला आमच्याकडं जेवणा हात म्हणतात. आणि चांदीचा दोर धरून तिला डाव्या हाताला नेलं. चांदीनं वर पाहिलं आणि रवंथ करत राहिली.

"बकरीनी काय पाप करं वं, झुंबरमाय?" सुमनबाईनं बसल्या जागेवरून विचारलं.

मग बायका बोलू लागल्या. एकीचं म्हणणं, आमच्या घरची सगळी पोरं बकरीच्याच दुधावर वाढली, गाय कुणी पाहिली आहे? दुसरी म्हणाली, मेंढीनं कधी कुणाला पेलाभर तरी दिलं का? रिंगणाच्या कडेला काठीवर हनुवटी टेकून निंबा ठेलारी उभा होता. त्याचा कळप गावाबाहेर बसला होता. तो सावकाश म्हणाला, "बाई, तिले डावीकडे कसाले धाडस? मेंढी पानीमा पाय टाकस का कधी? पहिले बकरी जास, मंग बठ्ठी मेंढरं."

"पुढं सांगा," मास्तर दबक्या आवाजात म्हणाले. "अग्नीचं सांगा."

झुंबरबाईनं तोंड उघडलं, आणि तेवढ्यात कोकराला भूक लागली. खरं तर सकाळपासूनच लागली होती. ते आधी भुरीकडं वळलं, तिच्या पोटाखाली तोंड घातलं. भुरीनं मान खाली घालून त्याला अशी ढुशी दिली की ते दोन कोलांट्या खाऊन पडलं.

"दखा," मागून कुणीतरी म्हणालं, "सर्गमा भी ढुश्या मारतस."

बाजार हसला. तांबट हसले, पाटील हसला, बैल सोडून भटू हसला. कोकरू उठलं, अंग झटकलं, आणि ज्या राज्यात त्याला बसवलं होतं ते सोडून सरळ डाव्या हाताला धावत गेलं. चांदीपाशी पुढचे गुडघे टेकले आणि पिऊ लागलं. शेपूट अशी हलत होती जशी कुणी घंटा वाजवतंय.

हसणं वाढलं. मिसबाईंनी मास्तरांकडं पाहिलं. मास्तर कानापर्यंत लाल झाले, घाईनं रिंगणात शिरले आणि कोकराची मानगूट धरायला वाकले.

"मास्तर, ऱ्हाऊ द्या," झुंबरबाई म्हणाली. "भुकं शे ते."

ती काही ओरडली नव्हती. पण नऊ वर्षांत लोकांनी तिचा हा आवाज ऐकला नव्हता. हसणं एकेका बाजूनं थांबत गेलं. झुंबरबाई कोकराकडं पाहत उभी होती. तिला काय दिसत होतं कुणास ठाऊक. पण मग तिनं मान वर केली तेव्हा तिचा चेहरा असा झाला होता, जसा गणित सुटल्यावर होतो. इतकी वर्षं दाखल्याचा पुढचा भाग तिला तोंडपाठ होता, आणि तो तिनं आज पहिल्यांदा ऐकला होता.

"हाऊ दाखला मना नही, देवबाना शे," ती म्हणाली. "नि तो मी आर्धाच सांगा. तो राजा निवड कशी करस ते सांगंच नही. तुनं कातडं कोनतं, तुनी जात कोनती, असं तो इचारस का? नही. तो इतलंच इचारस, मी भुक्या व्हतू तवय माले कोनी खावाले दिन्हं. मंग आते तुम्हीच सांगा. आठे भुकं कोन व्हतं? नि त्याले कोनी पाजं?"

उत्तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर शेपूट हलवत होतं.

झुंबरबाईनं चांदीचा दोर धरला आणि तिला रिंगणाच्या मधून चालवत जेवण्या हाताला आणून उभं केलं. कोकरू पिता पिता तिच्याबरोबर फरफटत आलं. तांबटांची ठोकठोक केव्हाच थांबली होती. सुमनबाईनं मिरच्यांचे हात डोळ्यांना लागतील याचंही भान न ठेवता पदरानं डोळे पुसले आणि नंतर बराच वेळ दोन्ही कारणांनी रडत बसली.

"मास्तर," मिसबाईंनी विचारलं, "त्या काय बोलल्या? बकरी उजवीकडे का नेली?"

मास्तरांनी एकही शब्द न गाळता सगळं छापील मराठीत सांगितलं.

"हे शास्त्रात आहे काय?"

"राजा भुकेचं विचारतो, ते आहे," मास्तर म्हणाले. "बकरीला इकडे आणलं, ते नाही."

परतीच्या वाटेवर दमणीत कोकरू चांदीच्या पोटाशी गाढ झोपलं होतं. कंपाउंडात उतरल्यावर मिसबाईंनी झुंबरबाईला व्हरांड्यात बोलावलं. इतकी माणसं इतकी स्तब्ध उभी राहिलेली आपण ह्या देशात पाहिली नाहीत, असं त्या म्हणाल्या, आणि ते त्यांनी मनापासून म्हटलं. मग त्या पुढं म्हणाल्या, "परंतु शास्त्राचा क्रम मनुष्याने बदलू नये, बाई. येत्या रविवारी मंडळीपुढे उभे राहून आपली चूक झाली असे सांगा. मग जनावरे राहू द्या."

आणि नाही सांगितलं तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही. झुंबरबाईनंही विचारलं नाही.

चार दिवस मधले. भटूनं तिला बैलांना पाणी दाखवता दाखवता समजावलं, "म्हनी टाक नं, माय. चुकनं म्हनी टाक. दोन शबद शेतस. बकरी वाची जाई." झुंबरबाईनं त्याचं सगळं ऐकून घेतलं. तिलाही चांदी हवी होती. चांदीवाचून ती कोण? स्वयंपाकघराच्या धुरात बसलेली एक बाई, जिला वाचताना जोडाक्षरं अडतात. हे तिला भटूपेक्षा जास्त ठाऊक होतं. दोन दिवस ती मनातल्या मनात ते दोन शब्द म्हणूनही पाहत होती.

रविवारी उपासना संपत आली तेव्हा मिसबाईंनी खूण केली. झुंबरबाई उठली. पदर नीट केला. मंडळीत साठ-सत्तर माणसं होती, बोर्डिंगच्या पोरी पुढं पायरीवर बसल्या होत्या.

"शास्त्रमा लिखेल शे ते खरं शे," ती म्हणाली. "मेंढरं जेवना हातले, बकऱ्या डावा हातले. त्यामा काहीच चूक नही. चूक मनी व्हयनी. चांदीले मी पहिले डावीकडे उभी करी, ती मनी चूक. त्यानी मी माफी मांगस."

आणि बसली.

बोर्डिंगच्या पोरींपैकी एकीला ठसका लागला. मिसबाई मास्तरांच्या तोंडाकडं पाहत थांबल्या. मास्तर उठले, घसा साफ केला, आणि तेही पुन्हा एकही शब्द न गाळता सांगितलं. मिसबाईंनी मान खाली घातली आणि बराच वेळ तशीच ठेवली. त्या रागावल्या होत्या असं नाही. पण बोललेल्या शब्दावरून मागं फिरणं त्यांनाही येत नव्हतं; त्या बाबतीत दोघी सारख्याच.

सोमवारी चिठ्ठी आली. यापुढं कंपाउंडात जनावरं ठेवू नयेत. बाजारातलं काम तक्त्यावरून करावं, तक्ता मास्तर धरतील. आणि झुंबरबाईंनी सकाळचा वेळ बोर्डिंगच्या स्वयंपाकघराला द्यावा.

कुणी म्हणालं विकून टाक. झुंबरबाई म्हणाली बघते. मग दोन दिवसांनी निंबाचा कळप तापीकडून फिरून दक्षिणेच्या वाटेनं धुळ्यात आला आणि पांझरेच्या काठी टेकला, तेव्हा ती चांदीला, भुरीला आणि कोकराला घेऊन तिथं गेली. निंबानं चांदीचे दात पाहिले, पाय पाहिले, कपाळावरचा ठिपका अंगठ्यानं चोळला. त्याची पुढं चालणारी बकरी गेल्या महिन्यात म्हातारपणानं गेली होती.

"हिले पुढे इकशील का?" झुंबरबाईनं विचारलं.

"पुढली बकरी ठेलारी इकत नही, बाई. तू ठेलाऱ्यानीच आंडेर ना? तुले सांगनं पडस का?" निंबा म्हणाला. "ती मरी तठेच तिले गाडसूत."

नदीला अजून गुडघाभर पाणी होतं. कळप काठावर येऊन थबकला. पुढची मेंढरं पाण्याचा वास घेऊन मागं वळत, मागची त्यांच्यावर चढत, आणि तीनशे तोंडांचा एकच गलका. निंबानं चांदीच्या गळ्यातला दोर सोडून झुंबरबाईच्या हातात दिला आणि जीभ टाळूला लावून एक आवाज काढला. चांदीनं एकदा मागं पाहिलं. मग पाण्यात पाय टाकला, दुसरा टाकला, आणि सरळ चालू लागली, जसं काही जन्मभर हेच करत आली आहे. तिच्या मागं कोकरू, पोटापर्यंत भिजलेलं. त्याच्या मागं भुरी. आणि त्यांच्या मागं तो सगळा कळप, करड्या घोंगडीसारखा, एका काठावरून उचलून दुसऱ्या काठावर अंथरला गेला.

झुंबरबाई फाटकापाशी बसलेल्या पोरीसारखी बसली नाही. ती उभी राहिली, पार धूळ खाली बसेपर्यंत, आणि मग हातातला दोर कोपरावर नीट गुंडाळून कमरेला खोचला.

पुढच्या बाजारी ती आणि मास्तर मोटारीनं सोनगीरला गेले. आता जनावरं नव्हती, त्यामुळं मोटारीत जागा मिळाली. चिंचेखाली उभं राहताच सुमनबाईनं हाक दिली आणि रिंगण पडलं. नेहमीसारखं, मधली जागा मोकळी सोडून. मास्तर त्या मोकळ्या जागेत गेले, तक्ता उलगडला. राजा, सिंहासन, पांढरी मेंढरं, काळ्या बकऱ्या, आणि वरच्या बाजूला दातांनी कुरतडलेला ढग. लोकांनी तो पाहिला. मग ते मास्तरांच्या मागं पाहू लागले, मग एकमेकांच्या पायांत.

"चांदी कोठे शे वं?" सुमनबाईनं विचारलं.

मास्तरांनी झुंबरबाईकडं पाहिलं. मग त्यांनी तक्ता पुन्हा गुंडाळला, अगदी हळू, आणि तांबटाच्या पाटावर जाऊन बसले. कोटाचं वरचं बटण काढलं.

"सांगा तुम्ही," ते म्हणाले.

झुंबरबाई रिंगणात आली. कमरेचा दोर काढून हातात घेतला. पुस्तक नव्हतं, जनावर नव्हतं. तिनं पदर खोचला आणि आपल्या त्या बाजाराच्या टोकापर्यंत जाणाऱ्या आवाजात सुरुवात केली. राजा आला, रांग लागली, पाटील आणि पाणक्या शेजारी शेजारी उभे राहिले. हातोड्या थांबल्या. तिनं कोकरू पडलेलं दाखवलं, उठलेलं दाखवलं, आणि मग जेवणा हात लांब केला.

"नि चांदी," ती म्हणाली, "आठे उभी व्हती."

त्या बाजूची माणसं, कुणी न सांगता, एक पाऊल मागं सरली आणि तेवढी जागा मोकळी करून दिली.